राखून ठेवलेला रुसवा

शेळी माझ्याकडे बघत होती आणि मी शेळीकडे. हा इथं कशाला आलाय, असा प्रश्न दोघांच्याही चेहऱ्यावर होता.

"या, जावईबापू, या!" माझे सासरे, अप्पा माळवदे, ओट्यावरून म्हणाले. "बुजू नका. गरीब आहे. कालच आणलीय."

"कशाला?"

"आता बारसं म्हटल्यावर..."

उद्या माझ्या लेकीचं बारसं होतं आणि त्यासाठीच मी साताऱ्याहून तासगावला आलो होतो. माळवद्यांच्या घरात बारशाला पुरणपोळी असते एवढं मला ठाऊक होतं. शेळीचं कार्य काय, ते कळेना. माझा चेहरा पाहून अप्पा घाईघाईनं म्हणाले, "छे छे, तसं नव्हे हो! दुधाला आणलीय. छकुलीसाठी."

"छकुलीला शेळीचं दूध? उज्ज्वला कुठं गेली?"

"जाते कुठं? खोलीतच आहे. जराशी कणकण आहे तिला. तुम्ही हातपाय धुवा."

जावयाला सासुरवाडीत पाटाखाली पाट, चहावर चहा सगळं मिळतं. बातमी तेवढी मिळत नाही. त्याला वाईट वाटेल असं काही सांगायचं नाही, आणि त्यानंही विचारायचं नाही, असा तिथला शिरस्ता. त्यामुळे सासुरवाडीला आग लागली तर जावयाला ती शेजाऱ्यांकडून कळते.

आतून लेकीचं रडणं ऐकू येत होतं. भुकेलं मूल रडतं ते बापालाही ओळखू येतं, निदान मला आलं. मग अप्पांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, आवाज आला. "घे ग बाई, घे. चांगलं हाय. गांधीबाबा पीत हुता." बोंडल्यानं शेळीचं दूध पाजायचा उद्योग चालला होता. गांधीजींचा दाखला छकुलीला पटत नव्हता. ती दूध थुंकत होती.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, हा आक्कांचा कायदा. पण खोलीला परसाकडे एक खिडकी होती. वारा लागू नये म्हणून तिच्यावर गोधडी टांगलेली. मी तोंड धुवायच्या मिषानं परसात गेलो आणि गोधडीचं टोक वर केलं.

आत धुरीचा ढग होता. ढगात माझी बायको होती. डोक्याला फडकं, कानात कापूस, गाल लालबुंद.

"अहो, आलात?" ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

"काय झालं?"

"ताप आहे. थंडी वाजून येतोय. डाव्या बाजूला दगडासारखी गाठ झालीय, हात लावू देत नाही."

"मग डॉक्टर?"

"येऊन गेल्या शिरगुप्पेबाई. कॅप्सुला दिल्यात. म्हणाल्या, घे आणि पाजणं बंद करू नकोस, त्याच बाजूला आधी पाज."

"मग घेतेस ना कॅप्सुला?"

"नाही. माईनं काढून घेतल्या. औषध दुधात उतरतं म्हणे."

"बरं. मग औषध नाही तर पाजत का नाहीस?"

"एक घेऊन झाली होती ना आधी! आता दूध बिघडलं म्हणतात."

मी पाटबंधारे खात्यात नोकरीला होतो. काम बंद आणि काम सुरू करण्याचा हुकूमही बंद, अशी अवस्था मी आमच्या कचेरीत पुष्कळ पाहिली होती. पण ती एखाद्या घरात, आणि तीही माझ्या बायकोच्या अंगावर, प्रथमच पाहत होतो.

"म्हणजे औषधही नाही आणि पाजणंही नाही?"

"आक्का काढा देतात. आणि डोकं दुखतं म्हटलं की वाण्याकडची गोळी."

"ती चालते?"

"तिला कुणी औषध धरत नाही," उज्ज्वला म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बघा काहीतरी. पोरगी काल सकाळपासून धड प्यायली नाही. पण माईशी भांडू नका. ती कॅप्सुला कमरेच्या पिशवीत घालून हिंडतेय आणि कोपऱ्यात बसून रडतेय. का ते सांगत नाही."

माझ्या सासूबाई, माई, म्हणजे गरीब बाई. भाजीत मीठ कमी पडलं तरी भाजीची माफी मागतील अशा. त्यांनी कुणाचं काही काढून घेतलं, यावर माझा विश्वास बसेना.

मी सरळ मार्गानं जायचं ठरवलं. अप्पांना म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना पुन्हा बोलवू या का?"

अप्पांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही, ही त्यांची सवय. "बोलवू की! बारसं झालं की बोलवू. कसं आहे, हा बायकांचा मामला. आपण पुरुषांनी त्यात..." असं म्हणून त्यांनी कातरीनं कापड कापल्यासारखी दोन बोटं चालवली. कापायचं काय, ते मला कळलं नाही.

मग आक्कांकडे गेलो. त्या दारात पाय पसरून बसल्या होत्या आणि छकुली त्यांच्या मांडीवर दमून हुंदके देत होती.

"आक्का, डॉक्टरांनी पाजायला सांगितलंय म्हणतात."

आक्कांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "पाव्हणं, तुमी कुठल्या खात्यात?"

"पाटबंधारे."

"मग कालव्याचं पानी बगा. दुधाचं आमी बगतो. अवो, डॉक्टरीण कालची पोर. तिला सोताला मूल न्हाई. माज्या हातनं या घरातली समदी बाळंतपणं झाली. इखारी औषध दुधातनं लेकराच्या पोटात घालायचं व्हय?"

"आणि ताप?"

"काढा हाय की."

मी माईंकडे बघितलं. त्या चुलीशी बसल्या होत्या. त्यांचा एक हात भाकरीवर होता आणि दुसरा कमरेशी, पिशवीवर. माझ्याशी नजर मिळताच त्यांनी पदर डोळ्याला लावला. धूर नव्हता, चूल चांगली पेटलेली होती.

भांडायची मला मनाई होती. सांगून कुणी ऐकत नव्हतं. स्वतः जाऊन डॉक्टरांना आणावं, तर जावयानं परस्पर डॉक्टर आणला म्हणजे घराची अब्रू गेली. आक्का दारच उघडणार नाहीत. ओट्यावर बसून मी विचार करत होतो, आणि तेव्हा मला एकदम आठवलं की माझा एक रुसवा शिल्लक आहे.

आमच्याकडे लग्नात जावयानं एकदा रुसायचं असतं. घड्याळासाठी रुसावं, अंगठीसाठी रुसावं, काहीच सुचलं नाही तर बूट चावतो म्हणून रुसावं. मग सासऱ्यानं हातापाया पडायचं, मागितलेलं द्यायचं आणि जावयानं हसून जेवायला बसायचं. न रुसणारा जावई म्हणजे मुलात काहीतरी खोट आहे असा संशय येतो. माझ्या लग्नात पंगतींचा असा गोंधळ उडाला की मला रुसायला फुरसतच मिळाली नाही. अप्पांच्या मनाला तेव्हापासून ती गोष्ट लागून राहिली होती.

दुपारी पान वाढलं. रांगोळी, पाट, उदबत्ती. अप्पा म्हणाले, "चला, जावईबापू."

"मी जेवणार नाही."

"पोट बरं नाही?"

"पोट उत्तम आहे. मी रुसलोय."

अप्पांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला आनंद याशिवाय दुसरा शब्द नाही. "आक्का! अगं, जावई रुसले!" ते माजघराकडे ओरडले. लगबगीनं माझ्याजवळ येऊन बसले. "बोला. काय चुकलं आमचं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. रुसणाऱ्यानं पहिल्या फटक्यात बोलायचं नसतं, एवढं ज्ञान मला होतं.

"सफारीचा पीस काढून ठेवलाय तुमच्यासाठी. नवा माल आहे, गुळगुळीत."

मी भिंत बघत राहिलो.

"अंगठी का? लग्नातली जरा हलकी झाली होती, मला कबूल आहे."

भिंत.

अप्पा आणखी जवळ सरकले. "स्कूटर म्हणाल तर, जावईबापू, तिला नंबर लावावा लागतो. आज लावला तर छकुलीच्या लग्नात मिळेल. पण लावतो."

आक्का कमरेवर हात ठेवून येऊन उभ्या राहिल्या. "काय पायजे ते सांगा की एकदाचं. भात निवतोय."

मी भिंतीवरची नजर न काढता म्हटलं, "डॉक्टरीणबाई."

"आँ?"

"शिरगुप्पे डॉक्टर. त्या या घरात येऊन उज्ज्वलाला आणि छकुलीला तपासतील, त्या सांगतील तसं होईल, मग मी जेवेन. तोवर पाण्याचा थेंब घेणार नाही."

"हा कसला रुसवा म्हनायचा!" आक्का कडाडल्या. "रुसव्यात वस्तू मागत्यात!"

"आक्का, जावयानं काय मागावं यावर बंधन नाही," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "द्यावं लागतं." टोपी चढवून ते स्वतः गेले. गिऱ्हाईकाच्या पसंतीचा प्रश्न होता.

डॉक्टर नलिनी शिरगुप्पे आपल्या मोपेडवरून आल्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, आणि कुणाचंही पुरतं ऐकून घेणाऱ्या. खोलीत गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. आल्या तेव्हा गोधडी त्यांच्या हातात होती.

"ही खिडकी उघडी राहू दे. पोरीचं तोंड सुकलंय. आणि तिची आई तापानं फणफणलीय. कॅप्सूल चालू आहे ना?"

आक्का पुढं झाल्या. "न्हाई चालू. आन् तुमीच सांगा, डाक्टरीणबाई, औषध दुधात जातं का न्हाई?"

"जातं," डॉक्टर म्हणाल्या.

आक्कांनी सगळ्यांकडे विजयी नजर फिरवली. मी भिंतीकडे वळलो. माझा रुसवा वाया गेला होता.

"बहुतेक औषधं थोडीफार जातात. सगळी सारखी नाहीत. काही इतकी कमी जातात की बाळाला कळतही नाही. काही बाळाला बाधतात, ती आम्ही पाजणाऱ्या बाईला देत नाही. बाई पाजतेय हे मला ठाऊक होतं, म्हणून बघूनच हे औषध दिलं. शी जराशी पातळ होईल फार तर. अंगावर पुरळ आलं, किंवा पोरगी नुसती झोपून राहायला लागली, तर लगेच मला बोलवा. पण दूध तुंबवून ठेवलंत तर त्या गाठीत पू होईल आणि मग मला चाकू लावावा लागेल. पाजायचंच. पाजून झालं की कॅप्सूल घ्यायची. बरं, मधल्या काळात तिला काय काय दिलंत? सगळं आणा."

आक्कांनी बाटली आणली. डॉक्टरांनी हुंगली. "यात काय आहे?"

"झाडपाला."

"कुठला?"

"वैदू सांगत न्हाई. गुपित हाय."

"मग पोरीच्या पोटातही ते गुपित नको. बंद. आणखी?"

आक्कांनी कनवटीतून वाण्याकडच्या गोळ्यांची पट्टी काढली. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "ही दिली?"

"ही व्हय? ही काय औषध हाय? ही तर वाण्याकडं मिळती."

"वाण्याकडे उंदराचंही औषध मिळतं, आक्का. ही तुम्ही घ्या, तुमचं डोकं दुखत असेल तर. पाजणाऱ्या बाईला नको. तापासाठी मी दुसरी देते, ती चालते."

म्हणजे दोन दिवस चालणारं बंद होतं आणि न चालणारं चालू होतं. आक्का छकुलीला मांडीवर घेऊन खाली बसल्या आणि पट्टीकडे अशा बघत राहिल्या, जणू तिनं घरात शिरून विश्वासघात केला.

"कॅप्सुला कुठं आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी माईंकडे पाहिलं. माई खांबाला टेकून उभ्या होत्या. हात पिशवीवर तसाच.

"माई, दे," अप्पा म्हणाले.

माईंनी मान हलवली. नाही. त्यांच्या आयुष्यातला तो बहुधा पहिला नकार असावा. अप्पा बघतच राहिले.

"माझा थोरला," माई म्हणाल्या.

उज्ज्वलाला भाऊ होता हे मला माहीत नव्हतं. खोलीच्या दाराशी भिंत धरून ती येऊन उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावरून दिसलं की तिलाही नव्हतं.

"उज्ज्वलाच्या आधीचा. अंगावर पीत होता. मला हिवताप आला. दवाखान्यात कोयनेल दिलं. मी घेतलं." माई हळूहळू बोलत होत्या, दर वाक्याला परवानगी मागितल्यासारख्या. "आणि तो गेला. सासूबाई म्हणाल्या, कोयनेल दुधातनं गेलं त्याच्या पोटात. आईनंच घातलं. तेव्हापासून मी कधी गोळी घेतली नाही. हिला कशी देऊ?"

अप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

डॉक्टर घाईत असलेलं माणूस. पण त्या पाटावर बसल्या. माझ्यासाठी मांडलेल्याच पाटावर. "त्याला काय झालं होतं, माई?"

"जुलाब. थांबेचनात."

"कोयनेल घेतल्यावर तुम्ही त्याला पाजलंत?"

"नाही. घेतलं त्या क्षणापासून सासूबाईंनी तो माझ्या हातातच दिला नाही. म्हणाल्या, दूध बिघडलं. वरचं पाजत होते. गाईचं, पाणी घालून. मी आतून रडणं ऐकत होते."

"म्हणजे कोयनेल घेतल्यावर तुमचं दूध तो एकदाही प्यायला नाही?"

"नाही."

"मग कोयनेल त्याच्या पोटात गेलं कसं?"

माई अप्पांकडे बघू लागल्या, आक्कांकडे बघू लागल्या, माझ्याकडेसुद्धा. हा प्रश्न उज्ज्वलाच्या वयाहून जुना होता आणि या घरात तो कुणी विचारलाच नव्हता.

"त्या साली..." अप्पा हातातल्या टोपीकडे बघत म्हणाले. "त्या साली गावात हगवणीची साथ होती. शेजारची दोन पोरं गेली."

"झालं तर. साथीनं नेलं," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही नव्हे."

साथीनं नेलं, की वरच्या दुधातल्या पाण्यानं, हे डॉक्टरांना ठाऊक असेल नसेल. आक्कांनी मांडीशेजारचं बोंडलं हळूच उचलून पदराखाली घेतलं, एवढं मी पाहिलं.

माई खाली बसल्या. रडल्या नाहीत. पिशवीची नाडी सोडली, कॅप्सुला काढल्या, एक हातावर घेतली आणि ती डॉक्टरांपुढे धरून विचारलं, "आधी पाजायचं ना? मग ही?"

"आधी पाजायचं. मग ही."

"कोणत्या बाजूला?"

"दुखतंय त्या. गरम पाण्याचं फडकं ठेवा थोडा वेळ, मग पाजा."

माईंनी आक्कांच्या मांडीवरून छकुलीला उचललं. विचारलं नाही, नुसतं उचललं. आक्कांनी उचलू दिलं, हेही त्या घरात नवीन होतं. मग उघड्या खिडकीखाली उज्ज्वला बसली. छकुलीनं तोंड लावलं तेव्हा ती एवढ्यानं किंचाळली की मी बाहेर उठून उभा राहिलो.

"बस झालं, काढ तिला," आक्का कळवळल्या.

"काढू नकोस," माई म्हणाल्या. "ओरड तू. मी आहे."

उज्ज्वला ओरडत होती आणि पोरगी पीत होती. मग उज्ज्वलाचं ओरडणं कमी झालं आणि पोरीचं पिणं ऐकू येऊ लागलं, घुटुक घुटुक. माई समोर बसून त्या चिमुकल्या तोंडाकडे बघत होत्या. पोरगी सोडून झोपली तरी त्या बघतच होत्या. नाकाखाली बोट धरत होत्या, बोटाला श्वास जाणवला की काढत होत्या, पुन्हा धरत होत्या.

बारशाला उज्ज्वलाचा ताप उतरणीला लागला होता. कॅप्सुला संपेपर्यंत गाठ विरली. छकुलीची शी एकदाच पातळ झाली, ती आक्कांच्या नव्या लुगड्यावर. आक्कांनी तिची बारकाईनं पाहणी केली आणि डॉक्टरीणबाईंना एवढ्यासाठी बोलवायची गरज नाही असा निकाल दिला. माई तरीही जाऊन सांगून आल्या.

पुढं गल्लीत कुणी बाळंतीण आजारी पडली की माई तिच्याबरोबर दवाखान्यात जायला लागल्या. बाळंतीण काय होतंय ते सांगायच्या आतच त्या म्हणायच्या, "आधी लिहून घ्या. अंगावर पितं मूल आहे. बघून द्या." औषधाच्या दुकानात जाऊन तेच पुन्हा मोठ्यानं सांगायच्या, रांगेतल्या सगळ्यांना कळेल असं. डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. वय झालं, चालणं मंदावलं, आठवणी पुढंमागं व्हायला लागल्या, तरी त्यांचा हा नेम सुटला नाही.

एका उन्हाळ्यात मी तासगावला असताना माझा गुडघा सुजला. शिरगुप्पेबाईंच्या जागी आता एक तरुण डॉक्टर बसत होता. एकटं जाऊ देईनात म्हणून माई काठी टेकत माझ्याबरोबर आल्या. त्यानं गुडघा दाबला, कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली, तशी माईंनी काठी टेबलावर आपटली.

"आधी लिहून घ्या. अंगावर पितं मूल आहे."

डॉक्टरनं माझ्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. "यांना?"

"मग कुणाला? बघून द्या."

त्यानं माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी मान डोलावली. माईंचा शब्द खाली पडू द्यायची माझी छाती नव्हती. मग त्यानं मला विचारलं, आणखी कुठली औषधं घेता, रक्तदाबाची वगैरे? मी सांगितली. त्यानं लिहिलेला कागद फाडला आणि दुसरा लिहायला घेतला.